आमवाताच्या गोळ्या सुरू झाल्यात? मग किडनी, लिव्हर, फुप्फुस असं सांभाळा

बाजाराच्या दिवशी माझ्या मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. “भाऊ, थे पिवळी गोळी नको देऊ, थे किडनी खराब करते म्हन्तेत. मले साधी दुखन्याची दे.” बोलणारी मावशी कापूस वेचून थकलेली असते, बोटांची पेरं सुजलेली असतात आणि हातातल्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्झेट लिहिलेलं असतं. गोष्ट नेमकी उलटी आहे. आठवड्यातून एकदा घ्यायची ती पिवळी गोळी ठरल्या मापात किडनीला क्वचितच त्रास देते. रोज दोनदा खाल्लेली ‘साधी दुखण्याची’ मात्र देते.

ज्यांना रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपला आमवात, नुकताच निघाला आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांना दवाखान्यात नेणाऱ्या पोरा-सुनांसाठी हे लिहितो आहे. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. पण नजर ठेवणं घरच्यांना जमतं, आणि गावाकडं तेच जास्त कामाला येतं.

पायरी १ : आमवातच आहे ना, हे पक्कं करा

सगळे सांधेदुखीवाले आमवाताचे नसतात. आमवातात बहुतेक वेळा हाताची लहान पेरं, मनगटं आणि पायाच्या बोटांची मुळं दोन्ही बाजूंनी सुजतात. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात, तासभर तरी मोकळी होत नाहीत. दिवसभर वावरात राबून संध्याकाळी गुडघा दुखतो, ते दुखणं सहसा झिजेचं.

आपल्या विदर्भात दोन गोष्टी मध्ये येतात. एक चिकनगुनिया. २०२४ मध्ये नागपूर भागात त्याची मोठी साथ होती आणि त्यानंतर महिनोन्‌महिने सांधे धरून बसलेली माणसं सगळ्यांनीच पाहिली. ते दुखणं आमवातासारखंच दिसतं. ताप कधी आला होता, हे डॉक्टरांना सांगा.

दुसरी गोष्ट सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि मेळघाटातही ही घराघरांतली बाब आहे, आणि तिच्यातही हाडं-सांधे दुखतात. घरात कुणाला सिकलसेल असेल आणि तुमची तपासणी झाली नसेल, तर वाताची औषधं सुरू होण्याआधी करून घ्या. सिकलसेलमध्ये किडनी आधीच नाजूक असते, दुखण्याच्या गोळ्या तिला आणखी दाबतात, आणि स्टिरॉइडनं दुखण्याचा झटका उठू शकतो. कार्ड असेल तर ते प्रत्येक दवाखान्यात दाखवा, वातासाठी गेलात तरी.

रक्ताच्या तपासणीत आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणजे आमवात ठरला असं नाही, आणि निगेटिव्ह आला म्हणजे सुटलो असंही नाही. अँटी-सीसीपी ही त्याहून नेमकी तपासणी आहे. संधिवाततज्ज्ञ मुख्यत्वे नागपुरातच भेटतात. तिथलं सरकारी मेडिकल कॉलेज, मेयो रुग्णालय, मिहानमधलं एम्स किंवा वर्ध्याजवळचं सेवाग्राम, यांपैकी जे जवळ पडेल तिथं एकदा जाऊन निदान आणि औषधं ठरवून आणावीत, पुढची देखरेख तालुक्याच्या फिजिशियनकडे करावी, असं माझं मत. दर महिन्याला नागपूर कुणालाच परवडत नाही, आणि न परवडलं की औषधच सुटतं.

पायरी २ : हा आजार सांध्यांपुरता राहत नाही, हे घरात सगळ्यांना सांगा

आमवातात शरीराची संरक्षण करणारी व्यवस्था स्वतःच्याच अंगावर उलटते. सूज दिसते बोटांवर, पण दाह रक्तातून सगळीकडे फिरतो. म्हणून औषध घेतलं नाही तर आतले अवयव वाचतील, हा हिशेब चुकीचा आहे. औषधाविना आजार स्वतःच आत शिरतो.

फुप्फुसांत जाळी धरल्यासारखा व्रण होऊ शकतो किंवा भोवती पाणी साचतं. सुरुवात कोरड्या खोकल्यानं आणि चढावर दम लागण्यानं होते. बिडी ओढणाऱ्यांत हा धोका जास्त, आणि बिडीनं मुळात आमवात होण्याचाच धोका वाढतो. आपल्याकडं कापसाची धूळ, थ्रेशरचा भुसा, चुलीचा धूर यांवर खोकला ढकलून मोकळं होता येतं, म्हणून उशीर होतो. दोन आठवड्यांवर खोकला गेला की आधी आरोग्य केंद्रात थुंकी तपासा, ती मोफत होते. टीबी नाही म्हटल्यावरही खोकला राहिला, तर ‘मला आमवात आहे’ हे सांगून छातीचं पुढचं बघायला लावा.

हृदयाचं म्हणाल तर आमवाताच्या रुग्णात हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोका इतरांपेक्षा साधारण दीडपट धरतात. बायकांच्या छातीतलं दुखणं घरात ‘गॅस’ म्हणून सोड्यावर निभावलं जातं. आमवाताच्या बाईला जबडा, डावा हात किंवा छाती भरून आली, घाम फुटला, तर सोडा नाही, ईसीजी.

रक्तही उतरतं. दाहामुळं शरीर साठवलेलं लोह वापरू देत नाही, म्हणून आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाऊनही हिमोग्लोबिन जागचं हलत नाही. अशा वेळी गोळ्या वाढवत बसण्यापेक्षा आमवात आटोक्यात आहे का, ते विचारा.

डोळे कोरडे पडतात, वाळू गेल्यासारखं वाटतं. पण डोळा लाल होऊन आतून ठणकू लागला, तर तो डोळ्याचाच आमवात असू शकतो. असा रुग्ण थेंब मागायला आला की मी बाटली देत नाही, नेत्रतज्ज्ञाकडे पाठवतो. गिऱ्हाईक चिडतं, चिडू द्या. रात्री अंगठा आणि शेजारची बोटं मुंग्या येऊन झोपमोड होत असेल तर मनगटातली नस दबली असेल, तेही सांगून ठेवा.

पायरी ३ : पिवळी गोळी, आठवड्यातून एकच दिवस

मेथोट्रेक्झेट हे आमवाताचं मुख्य औषध. सुरुवात सहसा आठवड्याला ७.५ ते १५ मिलिग्रॅमनं होते आणि गरजेनुसार २५ पर्यंत जाते. आठवड्याला. रोज नव्हे. यात चूक झाली तर माणूस दगावू शकतो, इतकी ती गंभीर आहे. हाडांतली रक्त बनवणारी मज्जा बसते, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पडतात, तोंडभर फोड येतात.

चूक होते कशी, ते काउंटरवरून स्पष्ट दिसतं. मेथोट्रेक्झेटसोबत फॉलिक अ‍ॅसिड दिलेलं असतं. दोन्ही गोळ्या पुष्कळदा पिवळ्या आणि बारीक. डॉक्टर सांगतात, एक आठवड्याला, दुसरी बाकीच्या दिवशी. घरी पोचेपर्यंत दोन्ही एकाच प्लास्टिकच्या पन्नीत गेलेल्या असतात आणि वाचता न येणारी माय अंदाजानं खाते. शिवाय मेथोट्रेक्झेट २.५ ची येते, ५ ची येते, ७.५ ची, १० ची, १५ ची. ‘तीन गोळ्या’ लिहिलेल्या चिठ्ठीवर २.५ ऐवजी १० ची पट्टी गेली, तर डोस चौपट होतो.

म्हणून असं करा. गोळीचा दिवस तुमच्या गावच्या बाजाराचा दिवस ठेवा. मंगळवार असो की शुक्रवार, तो दिवस गावात कुणी विसरत नाही. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून वार लिहून घ्या, ‘आठवड्यातून एकदा’ एवढ्यावर भागवू नका. मेथोट्रेक्झेट मूळ खोक्यात, वरच्या फळीवर, घरातल्या वाचता येणाऱ्या माणसाच्या ताब्यात. फॉलिक अ‍ॅसिड वेगळ्या डबीत. घेतली त्या दिवशी कॅलेंडरवर त्या तारखेला गोल. दरवेळी पट्टीवरचा आकडा मागच्या पट्टीशी ताडून बघा आणि वेगळा दिसला तर दुकानदाराला तिथंच विचारा. विचारल्याचा राग येणारा दुकानदार असेल, तर दुकान बदला.

रात्री जेवणानंतर घेतली की मळमळ झोपेत निघून जाते. बाजाराच्या दिवशी राहिली, तर दोन दिवसांच्या आत घेता येते. त्याहून उशीर झाला तर तो आठवडा सोडून द्या, पुढच्या बाजाराला नेहमीचीच मात्रा, दुप्पट नाही. फॉलिक अ‍ॅसिड टाळू नका. लोहाच्या सरकारी गोळीत ते असतं, पण फार थोडं. डॉक्टरांनी ५ मिलिग्रॅमची लिहिली असेल तर तीच लागते.

तोंडातल्या फोडांबद्दल जरा थांबून सांगतो. मेथोट्रेक्झेट अंगावर येतंय, याची पहिली खूण म्हणजे तोंड येणं. आणि आपल्याकडं खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी. खर्रा खाणाऱ्याचं तोंड मुळातच भाजलेलं, तिखट लागतच असतं, त्यामुळं ही खूण सरळ खर्ऱ्याच्या खात्यात जाते. खर्रा सोडा हे तर आहेच. तोवर निदान आठवड्याला आरशात गाल आणि जीभ बघा. नवे फोड, सोबत ताप, अंगावर निळे-काळे डाग किंवा जुलाब दिसले, तर पुढची गोळी न घेता दवाखाना गाठा. यावर फॉलिनिक अ‍ॅसिड हा उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो.

मेथोट्रेक्झेट लिव्हरवर भार टाकतं. त्यात दारू मिसळली की भार वाढतो, मग ती देशी असो, मोहाची असो की लग्नातली. पोळ्याला ‘एकच घोट’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की लिव्हरला सण कळत नाही. गुळवेलीचे काढेही डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नकोत. कोरोनाच्या काळात त्यापायी लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी केल्या आहेत.

मूल हवं असेल तर आधी बोला, नंतर नाही. मेथोट्रेक्झेट आणि लेफ्लुनोमाइड (आमवाताचंच दुसरं औषध), दोन्ही गर्भाला घातक आहेत. नव्या सुनेला आमवात निघाला की हा विषय सासूसमोर निघत नाही, म्हणून डॉक्टरांशी एकटीनं बोलायला पाच मिनिटं मिळवून द्या.

पायरी ४ : रक्त कधी द्यायचं आणि रिपोर्टात काय बघायचं

औषधाआधी एकदा सगळं बघून घ्या : सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), एसजीपीटी (लिव्हरसाठी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), साखर, बीपी, हिपॅटायटिस बी आणि सी, छातीचा एक्स-रे. हा पहिला एक्स-रे फेकू नका. पुढं दम लागला तर तुलनेला तोच लागतो.

पहिले तीनेक महिने दर दोन ते चार आठवड्यांनी सीबीसी, एसजीपीटी आणि क्रिएटिनिन. सगळं ठीक असेल आणि डोस बदलत नसेल, तर पुढं दोन ते तीन महिन्यांतून एकदा. सरकारी दवाखान्यांत महालॅबमार्फत यातल्या बऱ्याच तपासण्या मोफत होतात, आधी तिथं विचारा.

रक्त गोळीनंतर लगेच देऊ नका. एक-दोन दिवस एसजीपीटी तात्पुरतं वर जातं आणि उगाच घाबरगुंडी उडते. बाजाराच्या सकाळी तालुक्याला आलात की रक्त द्या, गोळी त्याच रात्री. एकाच खेपेत दोन्ही कामं होतात.

एक वही करा. दर ओळीत तारीख, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, एसजीपीटी, क्रिएटिनिन, बीपी. पांढऱ्या पेशी ३,५०० च्या खाली, प्लेटलेट १,४०,००० च्या खाली, एसजीपीटी १०० च्या वर किंवा क्रिएटिनिन तुमच्या आधीच्या आकड्यापेक्षा तिसऱ्या हिश्शानं वाढलेलं, यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या डोसाआधी डॉक्टरांना फोन. पण एकट्या आकड्यापेक्षा चाल बघा. क्रिएटिनिन ०.७, मग ०.९, मग १.१ असं चढत असेल, तर प्रत्येक रिपोर्टावर ‘नॉर्मल’ लिहिलेलं असूनही किडनी काहीतरी सांगते आहे. सुटे कागद बघणाऱ्याला हे दिसत नाही, वही बघणाऱ्याला दिसतं.

पायरी ५ : दुखण्याची गोळी, पुडी आणि सुई

डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही मंडळी दुखणं दाबतात, आमवात थांबवत नाहीत. सांधा आतून खात राहतो आणि वरून पोट, किडनी, बीपी यांचं नुकसान होतं ते वेगळंच. नव्या रुग्णाला सुरुवातीला ती लागतात, कारण मेथोट्रेक्झेटचा गुण यायला दीड-दोन महिने तरी जातात. पण ती कामापुरती घ्यावीत, जेवणानंतर घ्यावीत, आणि एका वेळी एकच. एका डॉक्टरची एसिक्लोफेनॅक आणि दुसऱ्याची डायक्लोफेनॅक वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्यांतून एकाच पोटात जाताना मी रोज बघतो. दोन्ही पट्ट्या घेऊन या, दुकानदार सांगेल.

सुरुवातीच्या त्या मावशीची किडनीची भीती इथं लागू पडते. मेथोट्रेक्झेट शरीराबाहेर टाकायचं काम किडनी करते. दुखण्याच्या गोळ्यांनी किडनी मंदावली की तीच आठवड्याची गोळी अंगात साचते आणि मज्जेवर उलटते. शेवटी नाव बदनाम होतं ते पिवळ्या गोळीचं.

काळी, डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची शौच झाली तर पोटात रक्तस्राव असू शकतो, थांबू नका. लोहाच्या गोळीनंही शौच काळी होते, पण ती घट्ट आणि हिरवट झाकेची असते, डांबरासारखी नसते.

आता पुडी. बाजारात, जत्रेत किंवा पार्सलनं येणारी ‘वातावर रामबाण’ पावडर किंवा काळ्या गोळ्या. दोन दिवसांत चालायला लावणाऱ्या अशा औषधांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं निघतं. गावातली दर आठवड्याची सुई म्हणजेही बहुतेक डेक्सामेथासोन आणि डायक्लोफेनॅक. तोंड गोल होतं, भूक वाढते, सगळे म्हणतात, तब्येत भरली. आत साखर आणि बीपी चढतं, हाडं पोकळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, जंतुसंसर्ग पटकन धरतो.

स्टिरॉइड वाईटच असं मात्र नाही. डॉक्टर प्रेडनिसोलोन थोड्या मात्रेत, थोड्या दिवसांसाठी देतात, ते ठीक आहे. ते चालू असताना फक्त उपाशीपोटीची साखर बघू नका. सकाळी गोळी घेतली की साखर दुपारनंतर चढते, उपाशीपोटीची नॉर्मल दिसते. जेवणानंतरची बघा. आणि काही आठवडे घेतलेलं स्टिरॉइड एकदम तोडू नका. उलट्या, चक्कर, बीपी पडून माणूस कोसळतो. पुडी बऱ्याच महिन्यांपासून चालू असेल तर लाजू नका, पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. ते हळूहळू उतरवतील.

पायरी ६ : बाकीच्या गोळ्या, थोडक्यात

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन पोटाला आणि लिव्हरला सौम्य, पण वर्षानुवर्षं घेतल्यास डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो. वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमच्या वर नको. पहिल्या वर्षात एकदा पडदा तपासा, पाच वर्षांनंतर दरवर्षी, किडनी कमजोर असेल तर त्याआधीपासूनच. मोतीबिंदूच्या शिबिरात फक्त मोतीबिंदू बघतात. तिथं ही गोळी चालू असल्याचं स्वतःहून सांगा.

सल्फासॅलाझिननं लघवी केशरी होते, घाबरू नका. सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा जी-सिक्स-पीडी या द्रव्याची कमतरता असेल तर मात्र ती चालत नाही. लेफ्लुनोमाइडनं बीपी वाढू शकतं, लिव्हरची तपासणी हवीच, आणि ते अंगात फार काळ राहतं. टोफासिटिनिब किंवा महागडी बायोलॉजिकल इंजेक्शनं सुरू करण्याआधी टीबीची तपासणी झालीच पाहिजे. झोपलेला टीबी त्यांनी जागा होतो, नागीणही उठते.

पायरी ७ : ऋतूप्रमाणं

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या घरात जातो. घाम गळतो, पाणी कमी पडतं, अशात दुखण्याची गोळी किडनीवर दुहेरी घाव घालते. त्यात बीपीची लघवी वाढवणारी गोळी असेल तर तिहेरी. उन्हाळ्यात दुखण्याची गोळी शक्य तितकी टाळा, पॅरासिटामॉलवर भागतं का ते डॉक्टरांना विचारा. उलट्या-जुलाब लागले तर त्या आठवड्याचं मेथोट्रेक्झेट थांबवून फोन करा. एक आठवडा चुकल्यानं आमवात उसळत नाही.

पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, स्क्रब टायफस. वाताची औषधं चालू असताना ताप अंगावर काढायचा नाही. ताप असेपर्यंत मेथोट्रेक्झेट पुढं ढकला, सीबीसी करा. काखेत, जांघेत काळी खपली आहे का ते बघून डॉक्टरांना सांगा, ती स्क्रब टायफसची खूण असते. जुलाब किंवा लघवीच्या जळजळीला को-ट्रायमोक्सॅझोल लिहिलं असेल तर ‘मी मेथोट्रेक्झेटवर आहे’ हे तिथल्या तिथं सांगा. ही जोडी मज्जा बसवते. काविळीची साथ असेल तर झाडपाल्याआधी एसजीपीटी.

फ्लू आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून घ्या, ती शक्यतो औषध सुरू होण्याआधीच.

पायरी ८ : कुठल्याही ऑपरेशनआधी

आमवात जुना असेल तर मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात. भूल देताना मान मागं वाकवली की मज्जारज्जू दबायची भीती असते. हर्निया असो, पिशवीचं ऑपरेशन असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आमवाताचं, चालू स्टिरॉइडचं आणि मानेतून हातात उतरणाऱ्या मुंग्यांचं आधी सांगा, आणि मानेचा एक्स-रे हवा का ते विचारा. आणि ती वही सोबत न्या, त्यातली मागची दोन पानं डॉक्टर आधी वाचतील.